दातवाल्याचा खेळ

येलदरी,
बुधवार, ९ डिसेंबर १९५९

चि. माणिकराव यास आक्काचे आशीर्वाद.

"आक्का, तू जिती हायस न्हवं?" असं तू मला एकदा विचारलं होतंस. तुला आठवत नसेल. सोळाव्या वर्षी मी पांढऱ्या कपाळानं सासरहून परत आले, तेव्हा तू शाळेत नुकताच जाऊ लागला होतास. घरात कुणी माझ्या तोंडाकडे बघून बोलत नव्हतं. सकाळच्या पारी पुढच्या दारात यायची मला मनाई होती. तू मागल्या पडवीत आलास, माझं मनगट दाबून पाहिलंस आणि हे विचारलंस. मी हो म्हणाले. मग तू पाटी आणून मला अक्षरं शिकवायला बसलास. आज त्याच अक्षरांनी तुला लिहिते आहे.

इकडे सगळं ठीक. थंडी फार आहे. धरणाची भिंत चढते आहे, आणि मी अजून मजुरांच्या खानावळीत भाकरी थापते. तुझ्या बायकोचे, धुरपताचे, गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, एरंडाचं पान शेकून बांध. ज्वारी आता पोटऱ्यात आली असेल. यंदा विहिरीला पाणी बरं आहे, असं फाट्यावरून आलेला एक जण सांगत होता.

गेल्या साली तू मला न्यायला आला होतास. खानावळीत नाही म्हणून तंबूकडे आलास, बाहेरूनच माझं हसणं ऐकलंस आणि आत न येता परत फिरलास. आमची आक्का मेली असं समजा, असा निरोप तू खानावळीतल्या कडूबाईजवळ ठेवलास. तिनं तो मला भाकरी थापता थापता सांगितला. मी तुला दोष देत नाही. पण आत काय होतं ते तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते.

आत सिनेमा चालू होता. पाटीवर त्याचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण धरणावर सगळे त्याला दातवाल्याचा खेळ म्हणायचे. एका पडक्या महालात एक राजा असतो. तो धड मेलेला नाही, धड जिता नाही. दिवसा पेटीत निजतो आणि दिवे लागले की उठून माणसांचं रक्त पितो. ऐकून भ्यावं असंच आहे. पण महाल कापडाचा. कुणी दार आपटलं की सगळी भिंत हलायची. वटवाघूळ छत्रीच्या कापडाचं, आणि त्याची दोरी आम्हाला मागून सुद्धा दिसायची. राजानं जिचं रक्त प्यायलं ती पोरगी मरून पडलेली असताना गालावरचा डास मारायची. लगेच सगळ्या बाया एका तोंडानं म्हणायच्या, "हालली गं, मेली न्हाई."

एकदा मशीनवाल्यानं रिळं मागंपुढं लावली. मेलेली ती पोरगी पुढच्या तुकड्यात आडावर उभी राहून पाणी शेंदायला लागली, जसं काही झालंच नाही. कुणी तक्रार केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी बाया मिळून तंबूचा मालक बन्सीधर याच्याकडे गेल्या आणि रोज असंच लाव म्हणाल्या. तो बेरकी, लावू लागला. आडावरच्या त्या पोरीला पाहून मी हसत होते, माणिक. तू ऐकलंस ते हसणं तेच.

आपण अठ्ठेचाळीस सालात ज्वारीच्या पिकात तोंडात पदर कोंबून पडून राहिलो होतो. माणूस माणसाला किती भिववतो ते तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं, आता कुणाचं नाव घ्यायला नको. इथल्या बायाही अशाच कुठल्या ना कुठल्या पिकातून उठून आलेल्या. जिची दोरी दिसते अशी भीती त्यांना पहिल्यांदाच भेटली होती. ती बघायला त्या का जाणार नाहीत?

शेवटचं रीळ मात्र नव्हतंच. कुठल्याशा गावी ते जळालं होतं. म्हणून पडदा पांढरा झाला की बन्सीधरचा एक माणूस काळी घोंगडी पांघरून, खोबऱ्याचे दात लावून पडद्यापुढे यायचा आणि उरलेला खेळ करून दाखवायचा. ढोल वाजला की ऊन पडलं असं समजायचं. मग तो तडफडून मरायचा. लोकांचं एवढ्यानं भागत नसे. ते म्हणायचे, पुन्हा मर. तो उठून पुन्हा मरायचा. खेळ संपला की तेच दात खात खात खानावळीत भाकरीला यायचा.

त्याचं नाव वैजीनाथ. राणीसावरगावचा. बायको फार मागं वारली, शेती नाही. कडूबाई मला चिडवायची, "केशरबाई, उठा, तुमचा दातवाला भाकर मागायलाय." मी तिच्यावर रागवायची. पण त्याच्यासाठी तव्यावरची भाकरी मी राखून ठेवायची, हे तिला दिसत होतं.

रक्त म्हणून बन्सीधर त्याला लाल शाई द्यायचा. जीभ सोलून निघाली होती त्याची. मी म्हटलं, मी करून देते. गुळाचा पाक करायचा आणि त्यात कुंकू कालवायचं. कुंकू घ्यायला दुकानात गेले तेव्हा दुकानदारानं आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग पुडी बांधली. इतक्या वर्षांनी माझी बोटं लाल झाली. मी ती पदराला पुसली. कपाळाला नाही लावली. तुला हे सांगायलाच हवं होतं असं नाही, पण दुसरं कुणी मला विचारणारही नाही.

दिवाळीच्या पाडव्याला खानावळीत इतकी गर्दी होती की रंग करायचा राहून गेला. मी तशीच तंबूत जाऊन बसले. ढोल वाजला, तो पडला, आणि खोकत खोकत उठला तर हनुवटी लाल. सगळा तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. असा रंग कधी झाला नव्हता. पुन्हा मर, पुन्हा मर. आणि तो पुन्हा मेला, माणिक. लोकांसाठी उठला आणि पुन्हा मेला. त्या सगळ्या माणसांत मी एकटीच होते जिला ठाऊक होतं की आज रंग केलेला नाही.

मी पडद्यामागे गेले. तो घोंगडीनं तोंड पुसत होता. मला म्हणाला, "बाई, आजचा रंग गोड न्हवता."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी क्षय सांगितला. कोरडी हवा, दूध, आणि माणसांपासून लांब. बन्सीधरनं तंबू उठवला आणि त्याला इथेच सोडून गेला. तेव्हापासून तो माझ्या खोपटात आहे. मी बाहेर निजते. शेजारच्यांची लेकरं लहान आहेत, त्यांचं भय खरं आहे, त्यांना मी काय म्हणू? मुकादमानं सांगितलंय, सोमवारपर्यंत खोपट रिकामं झालं पाहिजे. खानावळीतून मला तर आधीच काढलं. वर मी भाकरी थापते असं लिहिलं. ते खरं नाही.

तो आता फार बोलत नाही. तंबू असता तर मरायला जमलं असतं, आता सवय मोडली, असं परवा म्हणाला आणि स्वतःच हसला. मला हसता आलं नाही. रोज सकाळी मी त्याचं मनगट हातात धरून बसते.

मळ्यातल्या विहिरीजवळची खोली, जिच्यात तू कडबा ठेवतोस, ती मला दे. घरात पाऊल टाकणार नाही. धुरपतासमोर येणार नाही. पुढच्या वाटेनं जाणार नाही, बांधावरून येईन. तुझ्या गाईचं दूध मागणार नाही, ते मी दुसरीकडून आणीन. उन्हाळ्यापर्यंत खोली लागेल असं मला वाटत नाही. डॉक्टरांनाही वाटत नाही.

तू नाही म्हणशील. तुझी लेक यंदा उजवायची आहे, चार लोक काय म्हणतील ते तुला ऐकावं लागेल, मला नाही. तरी सोमवारी सकाळच्या मोटारीनं आम्ही देवगाव फाट्यावर उतरू. त्याला चालवत नाही. तेवढी बैलगाडी पाठव.

तुझी बहीण,
केशर वैजीनाथ