आईच्या जागी सुपारी

आबा, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, आणि तुम्हीही आता रागवायला उरला नाहीत, म्हणून स्पष्टच लिहिते. माझ्या लग्नात हट्ट माझा होता आणि तो बरोबरच होता. तुमची फारकत होऊन सहा वर्षं झालेली. तुम्ही नि मी बोदवडला, आई फैजपूरला मामाकडे. मी दोघांनाही निक्षून सांगितलं होतं, एका गाडीनं चला, कन्यादानाला जोडीनं बसा, नाहीतर धुळ्याच्या मंडळींना मीच नकार कळवते. कळवलाही असता!

आई भुसावळला गाडीत चढली. ती खिडकीशी, तुम्ही कडेला, मध्ये मी, तुम्हा दोघांचं टपाल. "तुह्या बापाले सांग, पाय आवर." "तुह्या मायले सांग, गाडी तिच्या भावाची नाही." समोरच्या बाया पदराआड हसतायत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. चाळीसगावला गाडी बदलली, तरी तेच. मग तुम्ही खिशातून सुपारी काढून मलाच दाखवलीत. "हे कमरेले खोसतो अन् एकटाच बसतो. बायको नसली का सुपारी चालते."

आई गर्रकन तुमच्याकडे वळली. सहा वर्षांत पहिल्यांदा थेट तुमच्याशी बोलली. "मी जित्ती हाये न समोर!" सुपारी तुमच्या हातातून ओढली, चंचीतला अडकित्ता काढला, कातरली आणि चक्क खाल्ली. उरलेली अर्धी तुमच्यापुढे धरली. तुम्ही घेतलीत, आबा. मी या डोळ्यांनी पाहिलं.

लग्नघरात सुपाऱ्यांनी ताट भरलेलं होतं. एक उचलायला तुम्हाला कोण अडवणार होतं? पण तुम्ही तिच्याशेजारी पाटावर बसलात. तिनं पाण्याची धार धरली. मला इतका आनंद झाला की भटजींनी दोनदा मान खाली घालायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळच्या गाडीनं गेलात, आई दुपारच्या एसटीनं. "बरं झालं, वाटेतलं भांडण तरी टळलं," असं मी सासूबाईंना हसत म्हणाले. खोटं बोलले, आबा. कन्यादान काय, काका-काकूंनीही केलं असतं. तुम्ही दोघं परत एकत्र जाल, एवढ्यासाठीच मी तो हट्ट धरला होता.