लिफ्टचा नकाशा

प्रिय,

हे पत्र वकीलबाई स्वतः तुझ्या हातात देणार आहेत, म्हणून पहिल्यांदाच मोकळेपणाने लिहितेय. आजवरच्या पत्रांत ‘सगळे मजेत’ एवढंच असायचं. मजेत कोणी नाही.

तुला पकडलं तेव्हा आपल्या दारात चपला काढायला जागा उरली नव्हती. हॉस्पिटलची लिफ्ट दुरुस्त करायला सीमेपलीकडे गेलेला मेकॅनिक, पिशवीत लिफ्टच्या वायरिंगचा कागद, आणि तिकडच्यांनी त्यालाच लष्करी नकाशा ठरवलं. दोन देशांचं बिनसलं होतं, कोणीतरी सापडायला हवंच होतं. इथे चौकात तुझा फोटो लागला, भाषणं झाली. सहा महिन्यांत त्याच जागी शिकवणीची जाहिरात आली. आता समोरच्या काकू हळूच विचारतात, काहीतरी केलं असेलच ना गं त्याने? तुझ्या कंपनीने तर तू रजेवर होतास असं लेखी कळवलंय. ज्या साहेबाने फोन करून तुला भरल्या ताटावरून उठवलं, त्याचीच खाली सही आहे.

लेक तुझा स्क्रूड्रायव्हर दप्तरात घेऊन जायची. शाळेतल्या बाईंनी तो काढून घेतला, तर ही त्यांना चावली. मी रागावले नाही.

बाबांचंही सांगते. टीव्हीवाले आले तेव्हा ते म्हणाले, “माझा मुलगा मरेल, पण खोट्या कागदावर सही करणार नाही.” टाळ्या पडल्या. मी दाराआड उभी होते. टाळ्या त्यांना, कोठडी तुला. तेव्हापासून मी त्यांच्यापुढे ताट ठेवते, बोलत नाही.

गेल्या आठवड्यात मला सरकारी कचेरीत बोलावलं. अदलाबदल ठरतेय. तिकडचाही एक माणूस आपल्याकडे डांबलेला आहे, नळदुरुस्ती करायचा म्हणे. पण आधी तू हेरगिरी कबूल करायची, अशी तिकडची अट आहे. तू तीनदा नाही म्हणालास, हे मला तिथे खुर्चीत बसून कळलं. अधिकारी म्हणाले, तुम्ही लिहिलंत तर ऐकेल. म्हणून हे पत्र. सही कर. लोक तुला हेर म्हणतील, बाबा दार उघडणार नाहीत. मी दोन खोल्या बघून ठेवल्यात. तुझ्या खरेपणाचा मला अभिमान आहे, पण त्याच्याशी संसार करता येत नाही रे. बाबांसाठी, लोकांसाठी पुष्कळ लढलास. आता माझ्यासाठी हर.

तुझीच,
तुझ्यावर रागावलेली