गुडघ्यासाठी एक सही

११ जून

हॉस्टेलात नव्या मुली आल्या. लातूरला कोचिंगला घातलं की पोरगी डॉक्टर होणार, हे धरूनच लोक येतात. बाप गाद्या डोक्यावर घेऊन जिना चढत होते. मी खाली टेबलाशी, नावं लिहीत. धर्माबादच्या एका बाईनं विचारलं, "मॅडम, खोली दाखवायला तुम्ही न्हाई येणार का?" म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, आलेच. गेलेच नाही. डावा गुडघा सकाळपासून ठणकतोय.

रेक्टर म्हणून हे बाविसावं वर्ष. मुली दरसाल सतराच्याच.

१९ जून

हाडाच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, "कूर्चा संपली बाई. हाडावर हाड घासतंय." भूकंपात याच पायावर तुळई पडलेली. तेव्हा प्लेट टाकून जोडला होता, म्हणाले, त्या मानानं लई चालला.

सांधा बदलायचा सल्ला. मग विचारलं, "घरी कोण आहे? महिना-दीड महिना उठवायला-बसवायला माणूस लागतं."

म्हटलं, विचारून सांगते.

कुणाला विचारणार होते, देव जाणे.

३ जुलै

धर्माबादची ती मुलगी, वैष्णवी, दोन दिवस मेसमध्ये दिसली नव्हती. आज दुपारी लक्षात आलं. फोन केला, उचलेना. बाकी मुली क्लासला. स्वयंपाकाच्या बाई सुट्टीवर. वॉचमनला वर सोडता येत नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर.

सहा पायऱ्या उभ्यानं चढले. पुढं पाय उचलेना. मग बसले. पाठ वरच्या बाजूला, हात टेकवायचे, ढुंगण उचलून वरची पायरी गाठायची, की पुन्हा हात. असे तीन मजले. मनात नको नको ते येत होतं. कोचिंगच्या पोरींचं वर्तमानपत्रात वाचतोच की आपण. देवाचं नावसुद्धा सुचेना.

दाराला आतून कडी लावलेली नव्हती. पोरगी तापानं फणफणलेली, ओठ सुकलेले. मला बघून रडायला लागली. "मॅडम, टेस्टमध्ये शेवटून दुसरी आले. घरी सांगू नका."

म्हटलं, शेवटून दुसरी म्हणजे एक तरी मागं आहे. हसली जराशी. पाणी पाजलं, डॉक्टरांना बोलावलं. तिच्या आईलाही फोन केला, तापाचा. टेस्टचं तिलाच सांगू दे.

उतरतानाही बसूनच.

४ जुलै

हॉस्टेलचे मालक आले. खुर्ची ओढून बसले, चहा नको म्हणाले, तेव्हाच कळलं. "मॅडम, कॅमेऱ्यात बघितलं काल. तुमच्या जिवाची तळमळ कळती मला. पण उद्या खरंच काही झालं, आन् तुम्हाला वर जायला अर्धा तास लागला तर?"

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"दिवाळीपर्यंत पायाचं काहीतरी करा. न्हाईतर तरणी बाई बघावी लागंल."

चूक काही बोलले नाहीत. फक्त माझी खोली या नोकरीचीच आहे. नोकरी गेली की…

९ जुलै

नांदेड. एका मुलीच्या वडिलांनी क्लिनिक सांगितलं होतं. डॉक्टर तरणा, बोलायला बरा. पोटावरची चरबी सुईनं काढायची, मशीनमध्ये फिरवून तिच्यातल्या कामाच्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी गुडघ्यात सोडायच्या. आपलंच आपल्याला. "सकाळी या, संध्याकाळी घरी."

तेवढंच ऐकलं मी. दीड महिन्याचं माणूस लागत नाही.

पण तो पुढंही बोलला, त्याचं कौतुक. "हे अजून अभ्यासात आहे, मावशी. कुणाला फरक पडतो, कुणाला नाही. गेलेली कूर्चा परत उगवेल असं मी म्हणणार नाही. कागदावर तसं लिहूनच सही घेतो." लातूरच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं. म्हणाले, "मी असतो तर घाई केली नसती." तेही खरंच असणार. पण दिवाळी त्यांची नाही, माझी आहे.

निघताना नर्स म्हणाली, सोबत घरचं माणूस आणा. त्यांचीबी सही लागते.

म्हणजे माणूस लागतंच.

१२ जुलै

फोनमधली नावं वरून खाली वाचली. मुलींचे पालक, गॅसवाला, प्लंबर. माझा भाऊ जाऊन चार वर्षं झाली. भावजय लेकाकडं हैदराबादला, तिचं तिलाच उठवत नाही.

राहिलं सासर. भूकंपात हे गेले, लेक छकुली गेली, सासू-सासरे गेले. धाकटे दीर माधव भाऊजी तेवढे वाचले, शेतात निजायला गेले होते म्हणून. त्यांनीच मला उकरून काढलं. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये जाणत्या लोकांनी बैठक घेतली, दोघंच उरलाय, दोघांनी लग्न करा. मी नाही म्हटलं. भाऊजी खाली मान घालून बसले होते. ना हो म्हणाले, ना नाही. मी लातूरला आले ती परत किल्लारीला गेले नाही. त्यांनी पुढं लग्न केलं, दोन पोरं आहेत म्हणे.

नकाराचा राग असणार. नाहीतर इतक्या वर्षांत एकदा तरी आले असते.

१३ जुलै

किल्लारीच्या एका दुकानदाराकडनं नंबर मिळवला. केला.

"कोण?"

"सुमन. वहिनी."

पलीकडं ट्रॅक्टर चालू होता. तो बंद झाला.

"काय झालं?"

सांगितलं. गुडघा, नांदेड, सही.

"कवा?"

"वीस तारखेला."

"येतो."

एवढंच.

२१ जुलै

काल लिहायला झालं नाही. नीट लिहायचंय.

लातूर स्टँडवर भाऊजी आधीच उभे. केस पांढरे. चेहरा हुबेहूब यांचा, हे म्हातारे झाले असते तर. मी बघतच राहिले, त्यांनी नजर वळवली. "पिशवी द्या इकडं." गाडीत मी पुढं बायकांच्या सीटवर, ते मागं. अहमदपूरला चहा आणून दिला, पुन्हा मागं गेले.

फॉर्मवर नात्याचा रकाना होता. पेन धरून म्हणाले, "काय लिहू?"

"दीर लिहा."

हळूहळू अक्षर लावून लिहिलं.

बेंबीखाली बधिर केलं, जाड सुई आतबाहेर. दुखत नव्हतं, ओढ कळत होती. नळीत पिवळंलाल काहीतरी जमलं. त्यातल्या पेशी वेगळ्या व्हायला दीड-दोन तास लागतात म्हणून मला पोटाला पट्टा बांधून निजवून ठेवलं. भाऊजींना आत बसवलं, स्टुलावर.

मग ते जमिनीकडं बघून बोलायला लागले.

"वहिनी, त्या दिवशी दोन आवाज येत होते."

मला कळलंच नाही.

"ढिगाऱ्यातनं. एक तुमचा. एक दादाचा. तुमचा जवळ होता. मी एकटाच होतो. माझ्यानं दोनीकडं उकरणं झालं नसतं."

मला सगळ्यांनी सांगितलं होतं, झोपेतच गेले. छकुलीसकट. इतकी वर्षं त्यावर तर जगले मी.

"किती वेळ?" मी विचारलं.

"तुम्हाला काढलं तवर होता. मग न्हाई."

"काय म्हणत होते?"

"पाणी."

"छकुली?"

"तिचा न्हाई आला आवाज. खरंच न्हाई."

मग म्हणाले, "शेडमधी लोकं लग्नाचं बोलत होते, तवा मला वाटलं, आता वहिनीला सांगावं लागंल. तुम्ही नको म्हणलात, मला सुटल्यासारखं झालं. मग तोंड दाखवायला जमलंच न्हाई."

आणि मी राग समजत होते.

डॉक्टर आला, मागं नर्स. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत त्यानं गुडघ्यात सुई घातली. "लांब श्वास घ्या," नर्स म्हणाली. रडायला लागले तर तिला वाटलं दुखतंय. भाऊजी भिंतीकडं तोंड करून उभे.

परतीला गाडीत शेजारी बसले. हॉस्टेलच्या फाटकाशी वॉचमननं अडवलं, "कोण हे?" म्हटलं, घरचे. पिशवी देऊन ते गेले.

६ ऑगस्ट

पोटावरचा काळानिळा डाग उतरत आलाय. गुडघा पहिले आठ दिवस फुगला होता, आता आधीसारखाच. पाणी प्यायला घेतलं की यांचा तो शब्द आठवतो. एकदा पेला तसाच ठेवला.

वैष्णवी रोज खाली येऊन माझ्या टेबलाशी अभ्यास करते. बोलत नाही फारशी. बरं वाटतं.

३० ऑगस्ट

नांदेडला दाखवून आले, एकटीच. डॉक्टर म्हणाला, "दहापैकी किती दुखतं?" सात म्हटलं. आधी आठ सांगितलं होतं. "तीन महिने वाट बघू." हा एकाचा फरक सुईमुळं की आरामामुळं, त्यालाही सांगता आलं नाही.

मालकांनी एका तरण्या बाईला इमारत दाखवली. मला ओळख करून दिली. गोड मुलगी आहे. भराभर वर गेली.

८ सप्टेंबर

पहिल्या मजल्यापर्यंत उभ्यानं गेले, कठडा धरून. थांबत थांबत, पण उभ्यानं. दुसरा नाही जमला.

संध्याकाळी भाऊजींचा फोन. त्यांनी आपणहून केलेला पहिलाच.

"दुखतं का?"

"जरा कमी हाय."

"बरं." मग, "वहिनी, सांगायला नको होतं का मी?"

मुली जेवायला आल्या, ठेवते, म्हटलं. कुणी आलं नव्हतं. मेस रिकामी होती.

"बरं," म्हणाले, आणि त्यांनी ठेवायच्या आधी मीच ठेवला.

उद्या करीन. सांगीन की भाऊजी, तुम्ही जवळचा आवाज धरलात, त्यात तुमचा दोष नाही. आणि यांना जायला वेळ लागला, हे कळलं ते बरं की वाईट, मला अजून…

नीट सांगता यायला हवं. उद्या करीन.