पाणी तापवणारी बाई

जानेफळ,
१४ सप्टेंबर

प्रिय शीला,

सप्रेम जयभीम. पाकीट पाहून घरात सगळे दचकले असतील. आजकाल पोस्टानं येतं ते कोर्टाचं नाहीतर बँकेचं. हे माझं आहे. अक्षर मोठं आहे, ओळी खाली घसरतात, पण सगळं माझ्या हातचं. आजवर माझ्या नावानं तुला आलेली पत्रं ह्यांनी लिहिलेली. मी चुलीपुढून सांगायची, ते लिहायचे आणि स्वतःच्या पदरचं एखादं छान वाक्य घालायचे. या पत्रात तशी वाक्यं सापडणार नाहीत.

वैशाखात खामगावला लग्नात भेटलो, पण पोटभर बोलणं झालं नाही. तू आहेराचं पाकीट माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "नाव तूच टाक व, माहा हात आजकाल थरथरते." मी टाकलं. पण ते पाकीट तेव्हापासून माझ्या मनात राहिलं आहे. त्याच्यावर शेवटी येते.

ह्यांना जाऊन कार्तिकात दोन वर्षं होतील. माझं बरं चाललं आहे. महिन्यातून एकदा त्यांच्या सायकलीत हवा भरून आणते. चालवत कोणी नाही, पण टायर बसलेलं मला पाहवत नाही. रडू आता पूर्वीसारखं अचानक येत नाही. दुःख घरातच आहे, पण त्याची बसायची जागा आता ठरली आहे.

तुला आठवतं ना, पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी हे वाचायचे? त्यांच्या गुरुजींनी दिलेलं जुनं कथांचं पुस्तक, नावाचं पान केव्हाच गळून गेलेलं. गावात दुसरी प्रत नाही. लोक म्हणायचे, सहदेव पोस्टमननं वाचावं आणि आपण ऐकावं. शीला, शेवटची सहा वर्षं त्यांना त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. हे मी तुलाही कधी सांगितलं नाही.

काचबिंदू होता. आधी बाजूचं दिसेनासं झालं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. कडेनं पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यांना कळायचंच नाही. दोन वर्षं "चष्म्याचा नंबर बदलला" म्हणत काढली. मग डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, लवकर आले असते तर होती तेवढी टिकवता आली असती. ज्या माणसानं सगळ्या गावाची पत्रं ओट्यावर बसून वाचून दाखवली, त्याला "मला दिसत नाही" एवढं म्हणणं झालं नाही. मीही त्यांना म्हणू दिलं नाही. माझ्या नवऱ्याला कोणी हात धरून विहारात नेऊन बसवावं, हे मलाच सोसवत नव्हतं.

मग आम्ही एक युक्ती केली. लहानपणी तू माझं बोट धरून धुळीत काढून दिलेली अक्षरं तेवढी माझ्याजवळ होती. बाकीचं मी एसटीच्या पाट्या, गोळ्यांची पाकिटं, किराण्याच्या पुड्यांचे कागद यांवरून जुळवत गेले. साठीला टेकलेली बाई, आणि जोडाक्षर आलं की कपाळाला घाम. दुपारी दार लोटून मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे, आणि संध्याकाळी विहारात पुस्तक उघडं ठेवून जसंच्या तसं म्हणायचे. पान उलटायची वेळ आली की मी बायकांतून खोकायची. गावाला वाटायचं, रुख्मिणीबाईला दमा आहे. केसरबाईनं तर मला अडुळशाचा काढा आणून दिला होता, तोही मी प्यायले.

हसू नकोस. हसण्यासारखं होतं, पण रोज पंचशील म्हणताना चौथं शील आलं की माझा आवाज बारीक व्हायचा. खोटं बोलणार नाही, असं हात जोडून म्हणायचं, आणि पुढच्या अर्ध्या तासात चार वेळा खोकायचं.

तरी याचा त्रास कोणाला नाही, असं मी मनाशी धरून होते. तो झाला उकंडरावांना. विहारातला पाण्याचा माठ भरणारे म्हातारे, तू पाहिलं आहेस त्यांना. या युक्तीच्या पहिल्याच वर्षावासात वाचन संपल्यावर ते उठून म्हणाले, "सहदेवदादा, थे पाणी तापवनारी बाई कुठी गेली? यंदा आलीच नाही." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पुस्तकात एका म्हातारीची गोष्ट होती. म्हातारपणी संघात आलेली, पाठांतर होईना म्हणून बाकीच्या तिला हसायच्या आणि पाणी तापवायला बसवायच्या. ह्यांनी शांतपणे सांगितलं, अशी गोष्ट यात नाही. पुढच्या वर्षी उकंडरावांनी पुन्हा विचारलं. मग पोरं त्यांना रस्त्यात गाठून म्हणू लागली, "काय बुढेबाबा, तापलं का पाणी?" घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला विसर पडायला लागला. त्यांना बाजारात एकटं पाठवणं बंद झालं. नंतर ते विहारात यायचेच बंद झाले. मीही इतरांसारखंच म्हटलं, वय झालं बिचाऱ्यांचं.

ह्यांच्या माघारी मला वाचताना बायकांनी पाहिलं होतं, म्हणून यंदा आषाढी पौर्णिमेला त्यांनी मलाच धरलं, की वाचायचं तुम्हीच. मी घाबरत घाबरत बसले. महिनाभरानं एका दुपारी दुसऱ्या दिवसाचं वाचून ठेवत होते, तर एक पान बोटाला जाड लागलं. उजेडात धरलं. दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. मी वाचायला लागण्याआधी पुस्तकाची पाठ उसवली होती तेव्हा मीच कणकेची खळ करून ती चिकटवली होती, त्यात हीही चिकटली. चहाच्या वाफेवर धरून, सुरीच्या मागच्या बाजूनं हळूहळू सोडवली. आत ती म्हातारी बसलेली होती, चुलीपुढे, पाणी तापवत.

ही गोष्ट ह्यांना माहीत नसेल असं कसं होईल? डोळे चांगले असताना वीस वर्षं त्यांनी ती वाचली होती. मग आठवलं. उकंडरावांनी पहिल्यांदा विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हे मला म्हणाले होते, "मधलं एखांदं पान राह्यलं काय व?" आणि मी, नवीन नवीन वाचायला शिकलेली, मानी, फटकन बोलले होते, "मी काय आंधळी आहो काय?" बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला कमीपणा नको म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर उकंडरावांना खोटं पाडलं की काय, हे विचारायला आता ते नाहीत. हे शल्य राहील. राहू दे.

पण उकंडराव आहेत. त्याच दुपारी पुस्तक पदराखाली घेऊन त्यांच्या घरी गेले. लिंबाखाली बाजेवर बसले होते. डोळ्यांचं, खोकण्याचं, खळीचं सगळं सांगितलं. त्यांनी ती पानं हातात घेतली, कडा चाचपून पाहिल्या आणि विचारलं, "म्हंजे मी येडा नोयतो?" मी म्हटलं, "नाही दादा. आमी खोटे होतो." मग म्हणाले, "मंग वाच नं व. पयले मले वाच, मंग त्याईले." मी वाचलं. त्या म्हातारीला पाणी तापवता तापवता ज्ञान होतं, ती आतून जागी होते, तिथं आल्यावर त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, पाणी तापव! पाव्हणीले चहा पाह्यजे." आणि असे हसले, की सून घाबरून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ते विहारात सगळ्यांच्या पुढे बसले. मी उभं राहून सगळं सांगितलं. वाटलं, ह्यांचं नाव आता मातीत जाणार. मग केसरबाई म्हणाली, "म्हंजे सहा वर्सं आम्ही तुलेच आयकत होतो म्हना! अन् माहा काढा?" सगळा विहार हसला. ह्यांचं नाव कुठंही गेलं नाही. उलट निवृत्तीभाऊ म्हणाले, एवढं रोज पाठ करणं आपल्याच्यानं झालं नसतं. त्या संध्याकाळी चौथं शील मी मोकळ्या गळ्यानं म्हटलं. शीला, छातीवरचा पाटा कोणी उचलून ठेवावा तसं झालं. या वयात काही शिकता येत नाही म्हणतात. मला वाचणं साठीला आलं, आणि खरं बोलणं सदुसष्टाव्या वर्षी.

आता ते पाकीट. तुझा हात थरथरत नाही. त्याच लग्नात तू सुई-दोरा ओवायला पुतणीकडे दिलास, तेव्हा तुझे हात मी पाहिले, स्थिर होते. मी कडेनं पाण्याचा पेला पुढे केला, तो तुला दिसला नाही. मांडवाच्या खांबाला तुझा खांदा लागला आणि तू खांबालाच "सरक बे" म्हणून सगळ्यांना हसवलंस. मी हसले नाही. अंगणवाडीत एवढ्या लेकरांना अक्षरं शिकवलेली तू, तुला "मला दिसत नाही" म्हणवत नाही, हे मला कळतं. फोनवर विचारलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस. म्हणून पत्र लिहिलं. हे तुला वाचता येणार नाही, कोणाच्या तरी हातात देऊन "वाचून दाखव" म्हणावंच लागेल. म्हटलं असशील, तर अर्धं काम झालं. पायल, बेटा, तूच वाचत असशील. इथं थोडं थांब आणि सासूचा हात धर. तिच्यावर रागावू नको. येत्या गुरुवारी तिला घेऊन खामगावच्या स्टँडवर ये, मी दहाच्या आत तिथं असेन, आपण तिघी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. आहे तेवढी नजर राहिली पाहिजे. शीला, उत्तर पायलकडून लिहून घे. खाली नाव मात्र तू स्वतः टाक, वाकडं आलं तरी मला वाचता येतं.

धुळीत बोट धरून शिकवलेली,
तुझीच रुख्मी