बर्फावरचा ढीग

वुओत्सोला,
११ फेब्रुवारी १९७९

ती. हेल्लेवीताईस,
ओइवाचा सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. वेलचीचे पाव मी लपवायच्या आत शेजारच्या आर्मासने हेरले. तोंडातली तंबाखू काढून त्याने हातमोज्याच्या पाठीवर ठेवली, पाव कॉफीत बुडवून फस्त केले, आणि तोच चोथा पुन्हा गालात सरकवला. माझी भूकच मेली. पण बर्फावर चालणारी दुसरी स्कूटर सबंध गावात त्याच्याचकडे आहे, तेव्हा वसंत येईपर्यंत हे तोंड रोज पाहणं आलं.

तुमच्या नव्या घराचं सामान सरोवरापलीकडे वाहायला सुरुवात केली. वासे आणि फळ्या पलीकडच्या काठाला पोचल्या. लाप्लँड सोडून तुला इतकी वर्षं झाली, की सरोवर गोठलं म्हणजे झाला रस्ता, असं ओउलूत बसून तुला वाटत असेल. यंदा बर्फ पडलाय बेसुमार. त्याच्या ओझ्याने खालचा थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि भुसभुशीत बर्फाखाली लपून बसतं. वरून पांढरंशुभ्र, आत राखाडी राबडी. परवा फळ्यांची घसरगाडी त्यात रुतली ती जागीच थिजली. कुऱ्हाडीने तोडून काढली. बुटांत राबडी, पँटला राबडी, आणि आर्मासचे ओले मोजे शेगडीवर, माझ्या सॉसेजच्या बरोबर वर टांगलेले. ती चव अजून जिभेवरून जात नाही.

आणि तो न्हाणीचा टब! ताई, दाजींना विचार, ज्या माणसाला वाफेच्या आंघोळीची सौना बांधून मिळणार आहे त्याला लोखंडी टब कशाला लागतो? आर्मासने त्यात मासे साफ केले. मी ओरडलो तर म्हणतो, नाहीतरी आंघोळीचंच भांडं आहे, धुतलं जाईलच.

एक विचारायचं राहिलं. घराच्या जागेवर लाकूडतोड्यांची जुनी खोपटी आहे ती पाडायची, असं दाजींनी सांगितलंय. तिच्यात डांबरी कागद, कुजलेल्या गाद्या आणि जुन्या तेलाची गंजकी पिंपं आहेत. एकाचं झाकण उघडून पाहिलं. आत काळं, दाट तेल आणि त्यावर तरंगणारा मेलेला उंदीर. हे सगळं कुठे टाकायचं, ते विचारून कळव.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, पावांच्या रूपानेही दिसत राहावा.

तुझा
ओइवा

*

ओउलू,
१९ फेब्रुवारी

चि. ओइवा यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, आणि मग टबाशी आले तेव्हा हसू गेलं. अरे, टब ह्यांचा नाही, माझा हट्ट आहे. माझ्या कमरेला सौनाची फळी आता सोसत नाही. गरम पाण्यात गळ्यापर्यंत पडून खिडकीतून सरोवर बघायचं, एवढीच माझी म्हातारपणाची चैन. आर्मासला सांग, पुन्हा त्यात मासा दिसला तर मी स्वतः येऊन त्याचं तोंड साबणाने धुवेन. लहानपणी पण असाच घाणेरडा होता. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून नाक माझ्या शालीला पुसायचा.

ह्यांना खोपटीचं विचारलं. दुकानाचा हिशेब चालला होता, मान वर न करता म्हणाले, की त्यात विचारायचं काय, सगळं ओढून बर्फावर मधोमध ठेवायचं. मे महिन्यात बर्फ वितळला की आपोआप खाली जातं, सगळे तेच करतात. म्हणजे तुझेही कष्ट वाचले.

लोकरीची नवी बनियन पाठवतेय. ओल्या कपड्यांत राहू नकोस. छपराचे पत्रे पुढच्या महिन्यात ट्रकने येतील. तुझ्यावाचून हे घर उभं राहिलं नसतं, हे मी जाणून आहे. माया आहे तशी ठेव, रागवलास तरी.

तुझी
ताई

*

वुओत्सोला,
२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बनियन मिळाली. टबाबद्दल बोललो ते मागे घेतो. घासून पुसून तुझ्या खिडकीच्या जागी उपडा घालून ठेवलाय.

पण बाकीचं पत्र वाचून मला शिसारी आली, आणि ते तुझ्या अक्षरात होतं म्हणून जास्त. ताई, तू काय लिहिलंस ते तू वाचलंस का? बर्फावर ठेवायचं! घाणीला पण ह्या लोकांनी काय सोज्वळ शब्द काढलाय. ठेवायचं नाही, बुडवायचं. ते तेल आपण पितो त्या पाण्यात जाणार. सगळं गाव त्याच बर्फाला भोक पाडून बादली भरतं. आपल्या आईने आपल्याला त्याच पाण्यावर वाढवलं.

मी करणार नाही. दुसरा उपाय मी सांगतो. सामान पोचवून परत येताना घसरगाडी मोकळीच असते. प्रत्येक खेपेला थोडा कचरा गावाकडे आणतो, तिथून ट्रकवाला उकिरड्यावर नेईल. फक्त वेळ लागेल, आणि एप्रिल सरला की बर्फावर जाता येणार नाही. कदाचित छपराचे पत्रे यंदा राहतील. घर एक वर्ष उशिरा होईल, एवढंच. दाजींना नीट समजावून सांग. तुझं ऐकतील.

आर्मासला हे सांगितलं तर तो पचकन थुंकला आणि म्हणाला, की मी शिकून साहेब झालो असतो तर बरं झालं असतं, निदान हे असलं शहरात बसून, लांबून बोललो असतो. त्याच्या थुंकीचे तपकिरी डाग सबंध वाटेवर आहेत. रस्ता चुकायची भीती नाही.

रागावू नकोस. माझ्यावरचा लोभ ह्या एका पत्राने आटणार नाही, असं धरून चालतो.

तुझा
ओइवा

*

ओउलू,
५ मार्च

रा. रा. ओइवा यांस,
काउकोचा स. न. वि. वि.

आपले पत्र हेल्लेवीने वाचावयास दिले. आपण थंडीत घेत असलेल्या श्रमांची मला पूर्ण जाणीव आहे. तथापि, छपराचे पत्रे याच हिवाळ्यात पोचणे आवश्यक आहे. उघड्या भिंती वर्षभर पावसात भिजू देणे मला परवडणारे नाही.

खोपटीच्या कचऱ्याची चिंता आपण करू नये. त्याची व्यवस्था मी परस्पर लावली आहे. आपण फक्त सामान वाहावे.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. त्या सरोवरात आपल्या गावाने आजवर काय काय टाकले, हे मला न सांगितलेलेच बरे. मेलेल्या घोड्यापासून मोडक्या नांगरापर्यंत सर्व तळाशी आहे. तेव्हा मला शुचिर्भूतपणा शिकवू नये. हेल्लेवीचे मन हळवे आहे, तिला यात ओढू नये.

कळावे, स्नेह आहेच.

आपला
काउको

*

वुओत्सोला,
२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजींनी व्यवस्था लावली. तुला ठाऊक असेल किंवा नसेल, म्हणून लिहितो.

खिडक्यांच्या काचा घेऊन काल पलीकडे गेलो. खोपटी नाहीशी झालेली. सरोवराच्या मधोमध एक ढीग, त्यावर वरवर बर्फ लोटलेला, मांजर लोटतं तसा. गाद्या, कागद, पिंपं, सगळं. एक पिंप कलंडून त्याचं तेल राबडीत उतरलंय, आणि ती राबडी आता काळ्या लापशीसारखी दिसते. जवळ गेलो तर वासाने नाकाला मफलर बांधावा लागला. आणि ढिगाभोवती सगळीकडे ते तपकिरी डाग.

होय. आर्मास. इतके दिवस एका किटलीतली कॉफी प्यायलो आम्ही. दाजींनी त्याला फोन केला आणि त्याने माझ्या पाठीमागे, मी स्कूटर दुरुस्तीला नेली होती तेव्हा, काम उरकलं. विचारलं तर लाजला पण नाही. म्हणाला, त्याच्या बापाने हेच केलं, माझ्या बापानेही हेच केलं, आणि मासे अजून आहेत ना? ह्यातलं बापाबद्दलचं खरं आहे, ताई. म्हणून तर अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

मी काचा काठावर झाकून ठेवल्या आणि परत आलो. आता तुमच्या घराची एक फळीही मी वाहणार नाही. पत्रे ट्रकने आले तर उतरवून घेईन, पण ते गावातच राहतील. तुझ्यावर राग नाही, असं लिहावंसं वाटतं, पण ते खरं होणार नाही. थोडा आहे.

ओइवा

*

ओउलू,
३० मार्च

चि. ओइवा यास,
आशीर्वाद.

मला ठाऊक नव्हतं. जेवताना ह्यांना विचारलं. हसून म्हणाले, की तक्रार कोण करणार, मासे? आणि बटाटे वाढायला सांगितले. मी वाढले. मग उठून मोरीत जाऊन उलटी केली.

गुरुवारच्या बसने येतेय. तुझे जुने बूट माझ्यासाठी काढून ठेव. राग थोडा आहे तेवढाच राहू दे, वाढवू नकोस.

ताई

*

वुओत्सोला,
२२ एप्रिल

काउकोस,
हेल्लेवीचा नमस्कार.

आज तुला 'तू' म्हणते आहे, लग्नाआधी म्हणायचे तसं. 'अहो' लिहून हे पत्र पुढे सरकेना.

मी अजून का आले नाही, असं तू फोनवर ओइवाला विचारलंस. ऐक. तुझा ढीग आम्ही उपसतो आहोत. वरचा बर्फ दिवसा भिजतो, म्हणून पहाटे निघतो. गाद्या पाणी पिऊन गोठल्या होत्या. पहारीने एकेक सोलून काढली. आतून उंदरांची घरटी निघाली, पिल्लांसकट. तेलाची राबडी मी फावड्याने उपसली. तिचा वास माझ्या केसांत आहे, तोंडात आहे, ओइवाच्या सौनात तीनदा बसूनही कातडीतून जात नाही. गळकी पिंपं वाटभर ठिबकू नयेत म्हणून ती माझ्या टबात घालून ओढली. ज्या टबात मी म्हातारपणी पडून राहणार होते, त्याच्या आत आता बोटभर काळा थर आहे. आर्मास त्यात मासे साफ करायचा ते बरं होतं.

आर्मासही आला. मी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी काठावर उभा राहून बघत होता. मी त्याला ओरडून सांगितलं, की बघायला तिकीट नाही, पण थुंकायचं असेल तर घरी जाऊन थुंक. दुसऱ्या दिवशी स्कूटर घेऊन आला आणि मुकाट्याने गाद्या बांधायला लागला. मी त्याला माफ केलेलं नाही. पण तो ढीग ओढत होता आणि तू ओउलूत होतास, एवढं मात्र लिहून ठेवते.

परवा शेवटचं पिंप होतं. काठ जवळ आला आणि बर्फ खचला. ओइवा कमरेपर्यंत आत गेला. आर्मास पोटावर झोपून सरकला आणि त्याने दोर टाकला. आम्ही दोघांनी त्याला ओढून काढलं. ओइवाचे ओठ निळे पडले होते आणि दात इतके वाजत होते, की तो काय म्हणतोय ते कळेना. तो पिंपाबद्दल विचारत होता. पिंप टबासकट खाली गेलं होतं. त्याचं बूच आधीच गेलेलं. पाणी आत शिरतानाचा घटघट आवाज मी ऐकला. ओइवा आता बरा आहे, नुसता खोकतो.

तुझे पत्रे गावात पडून आहेत. यंदा छप्पर होणार नाही.

मी बर्फ फुटेपर्यंत इथेच राहणार. काठापासून ते पिंप फार लांब नाही. जूनमध्ये बोटीतून आकडा टाकून काढता येईल. तुला यायचं असेल तर ये, आणि मजबूत दोर आण. यायचं नसेल तर मी आणि आर्मास काढू. पण मग त्यानंतरही येऊ नकोस. हे रागाने लिहिलं नाही, दोन दिवस विचार करून लिहिलंय.

माझा लोभ किती उरलाय हे मलाच बघायचं आहे.

हेल्लेवी

*

वुओत्सोला,
१४ जून

चि. ओइवा यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तोडलेले ओंडके पाण्यावरून वाहवायला तू नदीवर गेलास आणि घर सुनं झालं. खोकला गेला का? डासांसाठी अंगाला काय चोपडतोस ते चोपड, पण जखम खाजवू नकोस.

काउको बुधवारी आला. तो येईल असं मी धरलं नव्हतं. दोर आणला होता, आकडा आणला होता, आणि दुकानातले नवेकोरे बूट घातले होते. आर्मासने जागा दाखवली आणि काठावरच थांबला. आम्ही दोघंच बोटीतून गेलो.

बराच वेळ नुसतं शेवाळ आणि चिखल वर येत होता. कुजक्या अंड्यासारखा वास. काउको दोनदा बोटीच्या काठावरून ओकला, तरी पुन्हा आकडा टाकत राहिला. शेवटी अडकला. दोघांनी मिळून ओढलं. पिंप फार जड होतं. तो धापा टाकत म्हणाला, की जड आहे म्हणजे तेल आतच आहे, आपण वेळेवर आलो. आणि हसला. किती दिवसांनी त्याला असं खरं हसताना पाहिलं.

बोटीच्या काठावर टेकवून पिंप तिरपं केलं तर आतून पाणी आलं. येतच राहिलं. स्वच्छ, गार, सरोवराचंच पाणी. मागून फक्त थोडा काळा गाळ घसरत आला, तो त्याने पाण्यात पडायच्या आत दोन्ही हातांनी पकडला आणि बोटीत फेकला. बाकीचं तेल केव्हाच गेलं होतं, ओइवा. कुठे गेलं ते बघायला आम्ही दोघांनीही मान वर केली, पण पाणी नेहमीसारखंच दिसत होतं.

त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मी सवयीने म्हणाले, की हात धू. तो पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, की वल्ही तू मार.

काठापर्यंत मीच वल्ही मारली. तो समोर बसला होता, दोन्ही हात छातीपाशी वर धरून, ठिबकलं तर शर्टावर ठिबकावं म्हणून.

बाकी भेटीत. परत येशील तेव्हा तुझ्या ताईवरचा तो थोडा राग कुठे उरलाय का ते पाहा, आणि नसला तर सांग.

तुझी
ताई