हरकत हाय

प्रिय रसिका,

आधी बातमी, मग पाल्हाळ. आपला सडा वाचला! काल दुपारी समितीकडून कळलं. सडे, म्हणजे कातळाची ही पठारं, आणि झरे राखण्यासाठी राज्याचा जो कायदा होऊ घातला आहे, त्याच्या मसुद्यात आपल्या वाडीच्या डोक्यावरचा सडा कायम राहिला. कायदा विधानसभेत मंजूर व्हायला वेळ लागेल, पण तोवर तिथे चिऱ्याची खाण काढता येणार नाही. मी बातमी ऐकली आणि चुलीवरचं दूध उतू गेलं तरी हसत उभी राहिले. फोन केला असता, पण फोनवर तू म्हणतेस, आई मुद्द्यावर ये, आणि माझा मुद्दा जरा लांबून चालत येतो. शिवाय तुझ्या कामोठ्याच्या घरातल्या खोलीबद्दलही लिहायचं आहे. भिंतींना रंग काढलास, खिडकीशी माझ्या पुस्तकांसाठी फळी मारलीस, फोटो मिळाले. त्याचं शेवटी लिहिते.

झऱ्याचं महत्त्व तुला काय सांगू! गावच्या विहिरींवर आपल्या माणसांना मज्जाव होता, तेव्हापासून सड्याखालचा हा झरा आपला. आता दिवस असे आले आहेत की माघातच अंग भाजतं, पाऊस नको तेव्हा येतो, आंब्याचा मोहोर दोनदा येतो नि दोनदा गळतो. तरी झरा वैशाखापर्यंत तग धरतो, कारण वरच्या सड्याचा जांभा दगड पावसाचं पाणी पिऊन ठेवतो. तो जांभाच चिरे करून ट्रकात भरला तर राहिलं काय? चिंतामणी जोगळेकरांच्या आंब्याच्या कलमांनाही हेच पाणी, म्हणून या खेपेला त्यांची वाडी आणि आपली वाडी एकत्र आली. वर्षभर सह्या, निवेदनं, आमदारांच्या दारात खेपा. जोगळेकर माझ्याशी इतकं गोड बोलायला लागले की सुरुवातीला मला संशयच आला.

मग समिती रत्नागिरीत आली. मसुद्यावर लोकांच्या हरकती आणि सूचना ऐकायला. आपल्या वाडीतर्फे कोणी बोलायचं हा प्रश्नच नव्हता. तुझे भिकाजीकाका सगळ्यांत मोठे, धुतलेला सदरा घालून उभे राहिले आणि बोललेही झकास. पण तुला त्यांची सवय ठाऊक आहे. दर वाक्याला टेकू लागतो. “सड्यावं खान झाली तं झरा आटंल, हरकत नाय. झरा आटला का गुरां तडफडतील, हरकत नाय. मंग आमी काय खाडीचा पानी पियाचा?” आम्ही टाळ्या वाजवल्या. लिहून घेणारा कारकून मात्र घाटावरचा. त्याने इतिवृत्तात काय लिहावं? बौद्धवाडीच्या ग्रामस्थांची खाणीस हरकत नाही!

जोगळेकरांनी तो कागद वाचला आणि गाडी काढून थेट आपल्या अंगणात आले. मी म्हातारी मास्तरीण, पण माझी अशी तंतरली की पदर खोचायचं विसरले. आपल्याच तोंडाने आपला झरा देऊन बसलो होतो. मी त्याच दिवशी फेरसुनावणीचा अर्ज केला. वाडीतली पोरं भिकाजी भावजींना नाही नाही ते बोलली. एकाने तर खाणवाल्याचे किती पैसे घेतले म्हणून विचारलं. त्या दिवसापासून भावजींनी तोंडच मिटलं. जेवायला वाढलं तर मान हलवायची, हाक मारली तर नुसतं बघायचं. मला फार वाईट वाटलं गं. आयुष्यभर या माणसाने सगळ्याला हरकत नाय म्हटलं. लहानपणी शाळेत दाराबाहेर बसवलं, हरकत नाय. मुंबईची गिरणी बंद पडली, हरकत नाय. तुझे बाबा गेले तेव्हा माझ्यासमोर बसून तेवढंच म्हणाले होते, आणि मला त्याचाच आधार झाला होता.

फेरसुनावणीला मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं. जोगळेकर बोलले, मी बोलले. समितीच्या अध्यक्षबाई भल्या होत्या, पण त्यांना भावजींच्याच तोंडून ऐकायचं होतं, आणि आमचे भावजी मुके. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला, धक्का लागला आणि अख्खा कप भावजींच्या मांडीवर! शिपाई बिचारा गयावया करायला लागला. भावजी कळवळून उठले आणि तोंडातून निघून गेलं, “हरकत नाय, हरकत नाय.” मी ताडकन उभी राहिले. म्हटलं, बाई, बघा हो, मांडी भाजली तरी हा माणूस हरकत नाय म्हणतो. भाजण्याला यांची संमती होती असं लिहाल का? सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहिणाऱ्याला पेन खाली ठेवायला सांगितलं आणि भावजींना सरळ विचारलं, बाबा, खाणीला तुमची हरकत आहे का? भावजी ओला लेंगा धरून उभे होते. मग म्हणाले, “हाय. हरकत हाय.” जन्मात पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले, आणि जोगळेकर उगाच चष्मा पुसत बसले.

काल बातमी कळल्यावर भावजी एकटेच झऱ्यावर गेले. मी मागून गेले तर पाण्यात पाय सोडून बसलेले. पोरं माफी मागायला आली होती. त्यांना काय म्हणाले असतील, ओळख पाहू! त्यांचा आवाज परत आला म्हणून मला सड्याइतकाच आनंद झाला.

आता तुझी खोली. गेल्या दिवाळीत तू म्हणालीस, झऱ्याचा भरवसा नाही, आई, आता कायमची माझ्याकडे चल. मी काय म्हणाले होते आठवतं? हरकत नाही, म्हणाले होते. तू ते होकार म्हणून लिहून घेतलंस आणि रंगही काढलास. चूक तुझी नाही, आपल्या घराची बोलीच तशी. पण काका या वयात उभे राहून बोलले, मग मी कशाला मागे राहू? बाळा, मला इथेच राहायचं आहे. रागावू नकोस. फळी काढू नकोस, मी पावसाळ्यात येऊन चांगली महिनाभर राहीन. पण कायमची यायला माझी हरकत हाय.

झऱ्याकाठून, तुझीच,
आई