गणपतचं पातेलं

भंडारा, सोमवार, ८ मार्च १९८२

नवसागर कल्हईला लागतो, पण दारूच्या भट्टीतही जातो, म्हणून माझ्या दुकानाचा नियम: कल्हईचं भांडं दाखवा, मगच पुडी. गणपत दर महिन्याला तेच पितळी पातेलं आणायचा, काठाला पोचा पडलेलं. मी पोचा पाहायचो, पुडी द्यायचो. आत कधी डोकावलोच नाही. काहून?

गेल्या आठवड्यात गणपत स्वतःच्याच भट्टीची दारू पिऊन गेला. आज त्याची बायको तेच पातेलं घेऊन आली.

"भाऊ, नवसागर द्या. कल्हईवाला दारात बसून आहे. तेरवीचा सैपाक याच्यातच करायचा हाय."

आत पाहिलं. सगळं हिरवं पडलेलं. कल्हई कधी लागलीच नव्हती.

एवढ्या वर्षांत पुडी पहिल्यांदा खऱ्या कामाला मागितली, आणि माझा हातच उचलेना.